कुडाचे घर दुरुस्त करताना

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या पाड्यांवर ज्याला सरसकट ‘मातीचे घर’ म्हटले जाते, ते मातीवर उभे नसते. ते लाकडावर उभे असते आणि माती त्याच्या अंगाला लावलेली असते. वारली आणि शेजारच्या इतर आदिवासी समाजांच्या जुन्या घरांची भिंत म्हणजे कूड: कारवीच्या काटक्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, आडव्या कांबींनी त्या आवळायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपायच्या. छपराचा भार या कुडावर नसतोच. तो जमिनीत रोवलेल्या मेढींवर, मेढींच्या बेचक्यांत बसवलेल्या आडव्या लाकडांवर आणि वरच्या आढ्यावर असतो. एखादी भिंत पूर्ण काढून टाकली तरी घर पडत नाही.

देशावरचे मातीचे घर याच्या अगदी उलट. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे दगडमातीच्या किंवा मातीच्या भेंड्यांच्या दोन-दोन हात जाड भिंती असतात आणि वर तुळयांवर मातीचा थर देऊन केलेले माळवद असते. तिथे माती हे घराचे वजन आहे, उन्हाविरुद्धचा साठा आहे. डहाणूत माती ही कातडी आहे. दुरुस्तीचा सगळा विचार या फरकापासून सुरू व्हायला हवा. तो तसा होत नाही, कारण सरकारी तक्त्यात दोन्ही घरे ‘कच्चे’ या एकाच रकान्यात बसतात आणि शहरातून येणारा हौशी माणूसही दोघांना ‘मातीचे’ या एकाच शब्दाने आपलेसे करतो.

कूड कसा बनतो ते जवळून पाहिले की पुढच्या पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. बांधावरची किंवा वारुळाची माती आणायची, त्यात शेण, भाताचे तूस आणि बारीक केलेला पेंढा घालायचा, पाणी घालून एक-दोन दिवस मुरू द्यायचे आणि मग पायांनी तुडवायचे. गोळा हातात घेऊन कारवीवर असा दाबायचा की तो काटक्यांच्या फटीतून पलीकडे डोकावतो. पलीकडून दुसरे माणूस तोच दाबून बसवते. दोन्हीकडच्या मातीची अशी एकमेकींत गाठ बसते, म्हणून ती गळून पडत नाही. पहिला हात सुकताना तडकतो. ते तडे वाईट नव्हेत, कारण दुसरा हात त्यांनाच धरून बसतो. शेवटी शेणाचे पातळ सारवण, आणि सणावाराला किंवा लग्नाला गेरू. इतके करून भिंत होते जेमतेम दोन-तीन इंचांची. बऱ्याच घरांत कुडाचा वरचा हातभर भाग मुद्दाम लिंपत नाहीत. तेथून धूर जातो, वारा येतो, आणि सकाळी कारवीच्या फटींतून उजेडाच्या बारीक रेघा जमिनीवर उतरतात.

या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढ्या पावसात मातीची भिंत टिकते ती मातीच्या बळावर नव्हे. उताराचे छप्पर, भिंतीपासून चांगली पुढे आलेली वळचण, पावसाच्या बाजूला बांधलेला गवताचा किंवा पानांचा आडोसा आणि उंच जोते यांच्यावर ती टिकते. तरीही ती दरवर्षी थोडी झिजते, आणि झिजावी अशीच ती केलेली असते. ओल शोषायची आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत सोडून द्यायची हे तिचे काम. वरचा पापुद्रा गेला तर पुढच्या उन्हाळ्यात नवा. म्हणजे या घराचे एक अंग टिकाऊ आहे आणि दुसरे अंग वर्षाच्या बोलीचे. सागाचा किंवा ऐनाचा सांगाडा पिढी-दोन पिढ्या राहतो, कूड काही वर्षांनी बदलतो, लिंपण दरसाल होते. घर हलवायचे झाले तर मेढी आणि वासे सोडवून नव्या जागी उभे करता येतात. इथल्या घराचा प्रादेशिक स्वभाव म्हणायचा तो हा: हलका सांगाडा, सांगाड्यापासून मोकळी असलेली भिंत आणि वर्षभराच्या कामात घराच्या डागडुजीला राखून ठेवलेली वेळ. गेरूचा रंग आणि पांढरी चित्रे त्यानंतर येतात.

यातली तिसरी गोष्ट सर्वांत आधी मोडली. भात झोडून झाले की पुढचा मोसम घराचा असे. गवत कापून आणणे, कारवी आणणे, छप्पर शाकारणे, लिंपणे हे सारे मृगाच्या आत उरकायचे. आता नेमक्या त्याच महिन्यांत माणसे पाड्यावर नसतात. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. तलासरीकडचे अनेकजण रोज गुजरातची सीमा ओलांडून उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत जातात. वर्षाचे सहा महिने दुसऱ्यांसाठी पक्की वीट थापणाऱ्या माणसाचे स्वतःचे घर लिंपायला हात उरत नाही. एक साल चुकले तर कूड चालवून घेतो. तीन साले चुकली की पाणी कारवीपर्यंत पोचते, वाळवी लागते आणि मग ‘मातीचे घर टिकत नाही’ हे वाक्य खरे ठरते.

साहित्यही तसेच आटले आहे. कारवी हे सह्याद्रीतले विलक्षण झुडूप. सात-आठ वर्षे नुसते वाढते, एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते. वाळलेली सरळ काठी कुडासाठी उत्तम, आणि ती तोडल्याने झुडपाचे काही बिघडत नाही, कारण त्याचे आयुष्य संपलेलेच असते. असा हिशेब जुळणारे बांधकामाचे साहित्य जगात फार नाही. पण जंगल दूर गेले, राखीव झाले, आणि काठी तोडणारा माणूस गुन्हेगार ठरण्याच्या भीतीत जगला. २००६ च्या वनहक्क कायद्याने निस्ताराचे, म्हणजे घरगुती गरजेपुरत्या वनवापराचे, हक्क आणि गौण वनोपजावरचा हक्क मान्य केले. त्या कायद्याच्या व्याख्येत बांबूबरोबर झुडपी लाकूडही येते. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यातल्या दुरुस्तीने जंगलाबाहेर वाढवलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडणे सोपे झाले. सागाचे तसे नाही. आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदाच आहे. त्याचा हेतू ठेकेदाराकडून होणारी लूट थांबवण्याचा होता. जुन्या घरातली सागाची मेढ आज पुन्हा मिळणार नाही, हे दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी लक्षात ठेवलेले बरे.

या साऱ्यात घरकुल योजना येते. प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग २०१६ मध्ये सुरू झाला तेव्हा सपाट भागासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागासाठी १ लाख ३० हजार रुपये असे मूळ अनुदान ठरले, किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. कातकऱ्यांसारख्या समाजांसाठी २०२३ च्या पीएम-जनमन योजनेत ही रक्कम २ लाख झाली. राज्याची शबरी घरकुल योजना वेगळी. योजना गरजेच्या आहेत, याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही; गळक्या घरात पावसाळा काढलेल्या बाईला कुडाचे सौंदर्य समजावून सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. आक्षेप आहे तो व्याख्येवर. भिंत कच्ची आणि छप्पर कच्चे म्हणजे वंचना, असे एकदा ठरले की चांगल्या स्थितीतला सागाचा सांगाडा असलेले घर आणि मोडकळीला आलेली झोपडी यांत फरक उरत नाही. नव्या घराला पैसा मिळतो, वर रोजगार हमीतून ९०-९५ दिवसांची मजुरी मिळते. जुन्याच्या दुरुस्तीला मात्र या योजनेत जागा नाही. त्यामुळे मोडून बांधणे हाच एक शहाणपणाचा व्यवहार ठरतो. गावागावांत दिसणारे चित्र असे: पुढे सिमेंटची एक खोली, मागे जुने कुडाचे घर, आणि उन्हाळ्याच्या दुपारी सगळी माणसे मागच्या घरात.

भूकंपाने या चर्चेला वेगळेच वजन आणले. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, विशेषतः धुंदलवाडी-हळदपाडा परिसरात, लहान-मध्यम धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले, त्यांतला मोठा ४ रिश्टरच्या आसपासचा होता. घरांना तडे गेले, लोक थंडीत तंबूंत आणि उघड्यावर झोपले. ‘मातीची घरे धोक्याची’ हा निष्कर्ष त्यावेळी सहज काढला गेला. पण भूकंपात माणसाला मारते ते वजन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली ती प्रामुख्याने जाड दगडमातीच्या भिंती आणि मातीची जड छपरे अंगावर कोसळून. कूड हा त्या कुळातला नव्हे. दोन इंचांची, काटक्यांनी आतून शिवलेली भिंत हलते, तिचे लिंपण झडते, पण ती ढिगारा होऊन पडत नाही; कच्छच्या २००१ च्या भूकंपात गोल, हलक्या छपरांच्या ‘भुंगा’ घरांनी असाच टिकाव धरला. मातीच्या बांधकामांच्या भूकंपरोधनासाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९३ मध्ये काढलेले आयएस १३८२७ हे मानकही हलके छप्पर आणि भिंतींना बांधून ठेवणारे आडवे पट्टे यांवरच भर देते. कुडाच्या घरात हे दोन्ही मुळातच आहे.

धोका खरा आहे तो अर्धवट घरांत. मेढी तशाच ठेवून कूड काढला, त्या जागी चार इंची विटेची भिंत मातीत किंवा हलक्या मालात रचली, तिला मेढीशी बांधले नाही, वर जुनीच कौले ठेवली: अशी घरे या भागात पुष्कळ आहेत. हलत्या सांगाड्यात न हलणारी भिंत भरली की धक्क्यात दोघे एकमेकांवर आपटतात आणि भिंत सुटून बाहेर किंवा आत पडते. ‘अर्धे पक्के’ घर हे कच्च्यापेक्षा सुरक्षित असते ही समजूत इथे लागू पडत नाही. दुरुस्ती करायची तर सांगाड्याच्या बाजूने करावी, किंवा मग पूर्ण विटेचे, पट्टे टाकलेले घर वेगळे बांधावे. मधला रस्ता सर्वांत वाईट.

सांगाड्याची दुरुस्ती म्हणजे बहुधा मेढीच्या पायाची दुरुस्ती. लाकूड कुजते ते जमिनीच्या पातळीवर, जिथे ते कधी ओले कधी कोरडे होत राहते. वितभर वर तेच लाकूड ठणठणीत असते. पहारीच्या टोकाने टोचून पाहिले की कुजका भाग कुठे संपतो ते कळते. आडव्या लाकडाला दोन्ही बाजूंनी टेकू देऊन भार उचलायचा, मेढ निरोगी भागापर्यंत कापायची, खाली दगडाचा किंवा काँक्रीटचा ठोकळा बसवायचा आणि लोखंडी पट्टीने मेढ त्याला जखडायची. लाकूड काँक्रीटमध्ये पुरायचे नाही. पुरले की त्याच्याभोवती पाण्याची वाटी तयार होते आणि पाच-सात पावसाळ्यांत पुन्हा तेच. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. जमिनीत रोवलेली मेढ स्वतःच्या बळावर उभी राहते, ठोकळ्यावर ठेवलेली राहत नाही. म्हणून मेढ आणि आडवे लाकूड यांच्या कोपऱ्यांत तिरपे आधार द्यावेच लागतात. हे न करता नुसते पाय बदलणे म्हणजे घर दिसायला नीट करून वाऱ्याला आणि धक्क्याला मोकळे सोडणे.

कुडाच्या बाबतीत सर्वांत मोहक चूक म्हणजे सिमेंटचा गिलावा. एकदा लावला की दरसालचे लिंपण संपले, असे वाटते. माती ओलीने फुगते, कोरडी पडली की आकसते. सिमेंट तसे हलत नाही आणि ओल बाहेर जाऊ देत नाही. दोन-तीन वर्षांत दोघांमध्ये पोकळी धरते, त्या पोकळीत वाळवी निवांत राहते, आणि बाहेरून गुळगुळीत दिसणारी भिंत आतून भुसा झालेली असते. हा अनुभव फक्त इथला नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये रांचोस दे ताओस येथे कच्च्या विटांचे एक जुने चर्च आहे. १९६७ मध्ये त्याला कडक सिमेंटचा गिलावा दिला गेला, आत पाणी साचून भिंती खराब होऊ लागल्या, आणि दहा-बारा वर्षांत तो सगळा उतरवून पुन्हा माती लावावी लागली. तेव्हापासून तिथले गावकरी दर उन्हाळ्यात एकत्र येऊन चर्च लिंपतात. त्याच प्रांतातल्या सांता फे शहराने १९५७ मध्ये जुन्या वस्तीतल्या इमारतींच्या रूपाचा नियम केला. परिणामी विटा-लाकडाच्या नव्या घरांवरही मातीसारखा दिसणारा गिलावा चढला. एकीकडे मातीचे काम राहिले, दुसरीकडे मातीचा वेष. आपल्याकडे पालघर जिल्ह्यातल्या शेतघरांना आणि निवासी हॉटेलांना हल्ली या वेषाचीच ओढ आहे.

चर्चचे गावकरी वर्षातून एकदा लिंपतात आणि त्याचा सोहळा होतो. पाड्यावर लिंपण-सारवण हे बाईचे काम असते आणि त्याचा सोहळा होत नाही. म्हणून ‘प्रादेशिक स्वभाव जपा’ या उपदेशाचा अर्थ पुष्कळदा ‘बाईने फुकट राबत राहावे’ एवढाच उरतो. चांगली दुरुस्ती ती, जी हे काम कमी करते. त्याचे मार्ग साधे आहेत. जोते फूट-दीड फूट उंच करून त्यावर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत दगडाची किंवा भाजक्या विटेची बुटकी पट्टी रचावी आणि कूड तिच्यावरून सुरू करावा. पावसाचे शिंतोडे तेवढ्याच उंचीपर्यंत उडतात आणि भिंत झिजते ती तिथेच. वळचण आणखी हातभर पुढे काढावी. बाहेरच्या अंगाला शेवटचा हात चुन्याचा द्यावा; चुना ओलीला वाट देतो. कारवी मिळत नसेल तर बांबूच्या कांबी वापराव्यात, पण बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून. बांबू पावसाळ्यानंतर, थंडीत तोडलेला असावा. भिंत सांगाड्यापासून मोकळी असल्यामुळे खिडकी हवी तिथे ठेवता येते, वर छावणीची गरज नाही. जुनी घरे अंधारी होती, ती तशीच ठेवण्यात काही पुण्य नाही.

छपराचा प्रश्न जरा अवघड. गवत-पेंढ्याचे छप्पर सर्वांत थंड आणि सर्वांत हलके, पण दोन-तीन वर्षांनी शाकारावे लागते आणि आगीची भीती राहते. मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचे, चौरस मीटरला पंधराएक लागतात. भूकंपात हा भार विचारात घ्यावा लागतो आणि सुटलेले कौल डोक्यात पडते ते वेगळेच. पत्रा चौरस मीटरला चार-पाच किलोचा. रसिकांना पत्रा खुपतो, पण या भागात तो गुन्हा नाही. तो तापतो आणि पावसात वाजतो, म्हणून खाली बांबूची चटई आणि मध्ये हवेला जागा ठेवली, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वाशांना नीट जखडला, तर हलक्या सांगाड्याच्या स्वभावाशी तो कौलापेक्षा जास्त जुळतो. जुन्या छपरांना टिकवणारी आणखी एक गोष्ट होती: चुलीचा धूर. धुराने वासे काळे पडत आणि किडीपासून वाचत. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅस आला तिथे धूर कमी झाला, बाईच्या छातीला आराम पडला आणि वाशांना भुंगा लागू लागला. चूल परत आणणे हा त्यावरचा उपाय नव्हे; वाशांना बोरॅक्सचे पाणी पाजणे हा आहे. न्हाणीघर आणि संडास मात्र मूळ घरात घेऊ नयेत. ते शेजारी, विटेत, सांगाड्याला न टेकता बांधावेत, कारण रोजचे पाणी कुडाला सहन होत नाही.

राहिली चित्रे. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण लग्नाचा चौक हा मुळात घराच्या आतल्या, ताज्या लिंपलेल्या आणि गेरूने सारवलेल्या कुडावर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने लिहायचा. तो टिकावा अशी अपेक्षा नसे. पुढच्या लिंपणात तो जायचाच. तांदळाचे पीठ मातीत मुरते, तैलरंगाच्या भिंतीवर ते धरत नाही, पापुद्रा होऊन गळते. त्यामुळे दुरुस्तीत आतली निदान एक भिंत शेणमातीची राहिली तर चौकाला जागा राहते. बाहेरच्या भिंतीवर ॲक्रिलिकने काढलेल्या तारपा-नाचाने ती राहत नाही.

कामाचा क्रम ऋतूच ठरवतो. बांबू थंडीत तोडून भिजत घालायचा. मेढींचे पाय आणि तिरपे आधार माघ-फाल्गुनात, जमीन कोरडी असताना. मग जोते, मग छप्पर, आणि छप्पर झाल्यावरच कूड, म्हणजे लिंपण सावलीत सावकाश सुकते. वळचणीचे पाणी कुठे पडते हे पहिल्या पावसात पाहून बाहेरची चर तिथे खणायची. चुन्याचा शेवटचा हात त्या सालात देऊच नये. एक पावसाळा जाऊ द्यावा, ओल कुठे धरते ते पाहावे, तेवढी जागा उकरून पुन्हा लिंपावी आणि दिवाळीनंतर चुना द्यावा.